नऊ गोल खायची तयारी आहे का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या ग्वाल्हेरच्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघावरून आपल्या वाचकपत्रांत दोन आठवडे जुंपली आहे, ती मी चष्मा पुसून पुसून वाचते आहे. एक पत्रलेखक म्हणतात, सलग चार वर्षं आंतरमहाविद्यालयीन चषक जिंकणाऱ्या या मुलींनी आता बाहेरच्या मोठ्या निमंत्रित स्पर्धांत उतरावं, जिथे रेल्वेचे, अकादम्यांचे, बड्या विद्यापीठांचे संघ येतात. दुसरे विचारतात, कशाला? इथे मान आहे, चषक आहे, पेपरात फोटो येतो. तिथे डझनभर गोल खाऊन पोरींचं मन मोडायचं. दोघांनी लिहिलंय छान. पण दोघांच्याही नडगीला कधी चेंडू लागलेला नसावा, असं वाचताना वाटत राहिलं.

माझ्या लागलेला आहे. डाव्या नडगीवरचा खड्डा १९७७ सालचा. पुढे तीस वर्षं शाळेत मुलींना खेळ शिकवले, आता निवृत्त होऊन लष्कर भागात घरीच असते. पत्र लांबलं तर खुशाल कात्री लावा, फक्त जबलपूरचा भाग कापू नका.

गेल्या महिन्यात या संघाचा अंतिम सामना पाहायला मी नातीला घेऊन गेले होते. ७-० झाला. फॉरवर्ड मुली पळाल्या चांगल्या, पण माझं लक्ष त्यांच्या गोलकीपरकडे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ती खांबाला टेकून समोरच्या कडुनिंबावरचे पोपट बघत होती. सामना संपल्यावर तिला गाठून विचारलं, "बाळ, किती वेळा चेंडू आला गं तुझ्याकडे?" म्हणाली, "दोनदा, आजी. त्यातला एक आमच्याच बॅकने मागे दिला." तिचे पॅड बघितले, दुकानातून आणले तसे कोरे. चषक हातात घेऊन ती फोटोला उभी राहिली, पण गोलकीपर म्हणून त्या मुलीचं वर्ष फुकट गेलं. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. या तर लंगड्याही नाहीत, चांगल्या धडधाकट आहेत. म्हणून जास्त वाईट वाटतं.

आणि सात गोल खाणाऱ्या मुली? त्यांचा विचार दोन्ही पत्रांत नाही. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

एकतर्फी सामन्यांच्या गोष्टीत ग्वाल्हेरला कोणी शिकवायला नको. आमचे कॅप्टन रूपसिंग शिंदे सरकारच्या फौजेत होते, अखेरपर्यंत इथेच राहिले. माझे काका त्यांना चांगले ओळखत. अर्थात आमच्या गल्लीत प्रत्येकाचे काका त्यांना चांगले ओळखत असत. १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये भारताने अमेरिकेला २४-१ हरवलं, त्यातले दहा गोल रूपसिंगांचे आणि आठ त्यांचे थोरले बंधू ध्यानचंद यांचे. हे सगळ्यांना पाठ आहे. पाठ नसतं ते हे, की त्या स्पर्धेत हॉकीचे संघच मुळी तीन आले होते. अमेरिका दोन्ही सामने हरली, जपानकडून २-९ आणि आपल्याकडून १-२४, आणि कांस्यपदक घेऊन घरी गेली! घरच्या मैदानावर, तिनांत तिसरी येऊन. आपल्या आंतरमहाविद्यालयीन चषकाला नावं ठेवायचा माझा विचार नाही, पण कोणी तो दाखवला की मला ते कांस्यपदक आठवतं.

याच्या उलट चार वर्षांनी बर्लिनला काय झालं ते बघा. स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ हरवलं. ध्यानचंद, रूपसिंग दोघं संघात असताना. मग धावाधाव झाली, भारतात निरोप गेले, दारा नावाच्या खेळाडूला तातडीने बोलावून घेतलं, आणि अंतिम सामन्यात त्याच जर्मनीला ८-१ हरवलं. चोवीस गोल घालून आपण काय शिकलो, मला माहीत नाही. चार गोल खाऊन मात्र संघात कुठे भोक आहे ते लगेच कळलं.

(रूपसिंगांच्या नावाचं स्टेडियम मुळात हॉकीचं होतं, पुढे ते क्रिकेटचं झालं. २४ फेब्रुवारी २०१० ला सचिनने एकदिवसीय सामन्यातल्या दोनशे धावा तिथेच काढल्या. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला बोलू. पण वाजवून झाल्यावर जरा चुटपुट लागली.)

आता जबलपूर. आमच्या कॉलेजनेही लागोपाठ तीन वर्षं इथला चषक जिंकला होता. तेव्हा स्पर्धेत संघ तीन, त्यातला एक सामन्याच्या दिवशी येईलच असं नाही. १९७७ च्या हिवाळ्यात कोणाच्या तरी डोक्यात आलं आणि आम्हाला जबलपूरच्या एका खुल्या स्पर्धेला पाठवलं. झाशीला गाडी बदलून, अकरा जणी आणि दोन राखीव, सोबत एक बाई आणि दशम्यांचे डबे. पहिलाच सामना ०-९. पहिल्या दहा मिनिटांत दोन गोल झाले तेव्हा मी राइट हाफला, म्हणजे मधल्या फळीत उजवीकडे, उभी राहून शब्दशः इकडेतिकडे बघत होते, की चेंडू जातो कुठून!

पण बघता बघता दिसायला लागलं. आम्ही चेंडू थांबवायचो, मग मान वर करून कोणाला द्यायचा ते शोधायचो. त्या मुली चेंडू येण्याआधीच मान वर करून घ्यायच्या, धावता धावता घ्यायच्या. त्यांच्या हाफ चेंडूमागे पळतच नव्हत्या, चेंडू जिथे येणार तिथे आधी जाऊन उभ्या. तेव्हा पेनल्टी कॉर्नरला, म्हणजे गोलरेषेवरून चेंडू ढकलून मिळणाऱ्या फटक्याला, हाताने चेंडू अडवायची मुभा होती. आमच्याकडे एक अडवणार, दुसरी जागेवर येणार, नेम धरणार, तोवर समोरच्या अंगावर. त्यांचं ढकलणं, अडवणं आणि मारणं एका श्वासात. नवव्या गोलापर्यंत माझी नडगी फुटली होती, पण त्या सत्तर मिनिटांत जेवढी हॉकी मला कळली तेवढी आधीच्या तीन वर्षांत कळली नव्हती. परतीच्या गाडीत कोणी रडलं नाही. आमची गोलकीपर तर खुशीत होती. म्हणाली, नऊ दिसतात गं सगळ्यांना, मी अडवलेले पंधरा कोणी मोजले नाहीत.

घरी आल्यावर आम्ही सहा जणी रोज पहाटे मैदानावर जाऊन तो एका श्वासातला पेनल्टी कॉर्नर घोटत बसलो. दोन-तीन महिन्यांत कॉलेजच्या मुलांच्या ब संघाशी २-२ बरोबरी केली, आणि त्यांनी मुद्दाम सोडलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडांवरून कळत होतं. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा जबलपूर, म्हणून आम्ही दिवस मोजत होतो. प्रवेशिका गेलीच नाही. कारण काय, तर वरच्या मंडळींनी सांगितलं, नाक कापून आलात, आता पुरे. शेवटच्या वर्षी पुन्हा इथलाच चषक, पुन्हा ६-०. जबलपूरच्या नऊही गोलांची जागा मी आजही कागदावर काढून दाखवीन. त्या ६-० मधलं काही म्हणजे काही आठवत नाही.

माझी तक्रार हरण्याबद्दल कधीच नव्हती. एकदा हरल्यावर परत जाऊ दिलं नाही, याबद्दल आहे. ती पंचेचाळीस वर्षं मनात होती, आणि तिचं उत्तर मला मिळालं ते चक्क बर्फावर.

माझी मुलगी अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सेंट पॉलला असते. २०२२ च्या जानेवारीत तिच्या बाळंतपणासाठी गेले होते. बाहेर शून्याखाली वीस, मी घरात डिंकाचे लाडू वळते आहे. जावईबापूंना दया आली, म्हणाले, चला आई, तुम्ही हॉकीवाल्या, तुम्हाला हॉकी दाखवतो. सेंट थॉमस म्हणून तिथलं विद्यापीठ आहे, त्याचा बर्फावरच्या हॉकीचा सामना. हजारभर माणसांचं छोटं बंदिस्त मैदान. पहिली पंधरा मिनिटं ती काळी चकती मला दिसलीच नाही, लोक ओरडले की मी ओरडत होते. सेंट थॉमस हरलं. मी विचारलं, नेहमी हरतात का? जावई म्हणाले, यंदा बहुतेक रोजच.

मग त्यांनी सांगितलेली हकीकत मी गेली चार वर्षं जो भेटेल त्याला सांगते आहे. तिकडे कॉलेजं आपापले गट करून खेळतात, त्याला कॉन्फरन्स म्हणतात. गट निवडता येतो, सोडता येतो आणि गटातून हाकलूनही देतात. सेंट थॉमस १९२० पासून मिनेसोटातल्या लहान कॉलेजांच्या गटात होतं, अगदी स्थापनेपासून. पण ते इतकं वरचढ झालं, की २०१७ मध्ये त्यांनी तिकडच्या फुटबॉलमध्ये गटातल्याच सेंट ओलाफ कॉलेजला ९७-० हरवलं. सत्त्याण्णव! २०१९ मध्ये बाकीच्यांनी सांगितलं, तुम्ही आता आमच्यात मावत नाही, दुसरीकडे बघा. मग ते २०२१ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून एकदम पहिल्या श्रेणीत गेले, मधली पायरी गाळून. हॉकीत मुलांचा संघ सीसीएचए नावाच्या गटात, मुलींचा डब्ल्यूसीएचएमध्ये. मुलींचा हा गट म्हणजे वाघिणींची गुहाच. मुलींची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली २००१ मध्ये, आणि २०१३ पर्यंत लागोपाठ तेरा वर्षं विजेतेपद याच गटात राहिलं.

मी पाहिला तो मुलांचा पहिला हंगाम. ३६ सामने, त्यात ३ जिंकले, ३२ हरले, १ बरोबरीत. बत्तीस पराभव! आमचं एका पराभवात नाक कापलं गेलं होतं. पण तिथे कोणी प्रवेशिका मागे घेतली नाही. पुढच्या वर्षी ११ जिंकले, मग १५, मग २०२४-२५ मध्ये १९, आणि त्या मार्चमध्ये गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेले. तिथे हरले. गंमत म्हणजे तोवर नव्या श्रेणीतला उमेदवारीचा काळ संपलेला नसल्यामुळे त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत खेळायची परवानगीच नव्हती. चार वर्षं घाम गाळायचा आणि शेवटचं दार बंद, हे ठाऊक असून खेळले.

आता २०२६-२७ च्या हंगामापासून ते आणखी वरच्या गटात चाललेत, एनसीएचसीमध्ये. तिथे डेन्व्हर आहे, ज्यांनी २०२४ मध्ये दहावं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. नॉर्थ डकोटा आहे, मिनेसोटा डुलुथ आहे. २०१६ ते २०१९ चारही वर्षं राष्ट्रीय विजेता या एकाच गटातला होता. यावरून मुलीच्या घरी थालीपीठं खाताखाता दोन तट पडले. जावई म्हणाले, आत्ता कुठे जिंकायला लागले होते, पुन्हा मार खायला कशाला जायचं? मुलगी म्हणाली, राष्ट्रीय स्पर्धेला सोळाच संघ घेतात. सहा गटांचे सहा विजेते थेट, उरलेले दहा गणिताने, आणि त्या गणितात किती जिंकलात यासोबत कोणाशी खेळलात तेही धरतात. दुबळ्या गटात पहिला नंबर चुकला की वर्ष संपलं. तगड्या गटातला चौथासुद्धा आत जाऊ शकतो.

मी मुलीच्या बाजूची. पण एक गोष्ट मला टोचते, तीही लिहिते. २०२१ मध्ये यांना पहिल्या श्रेणीतलं कोणी ओळखत नव्हतं तेव्हा सीसीएचएने घरात घेतलं. पाय रोवून झाल्यावर हे मोठ्या घरी चालले. मॅनकेटो, बेमिजी ही राज्यातली मंडळी बसने ये-जा करण्याइतकी जवळ, ती मागे राहणार. मागे राहणाऱ्याला काय वाटतं, हे पुढे जाणाऱ्याने निदान एकदा तरी मनात आणावं. तरी एक मान्य केलं पाहिजे, घाई त्यांनी केली नाही. पराभवांपेक्षा विजय जास्त झाल्यावरच पुढचं पाऊल टाकलं, आणि २०२५ मध्ये स्वतःच्या आवारात नवं मोठं मैदान उभं केलं. आधी ओसरी बांधली, मग पाहुणे बोलावले.

आता इथलं बोलू. पहिल्या पत्रलेखकांना वाटतं, आपल्या मुलींनीही असाच गट बदलावा. तसं होत नाही, साहेब. आपल्याकडे कॉलेज खेळतं आंतरमहाविद्यालयीन, त्यातून निवडून विद्यापीठाचा संघ होतो, तो आपल्या विभागात खेळतो. आपलं जिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात. विभागातले पहिले चार अखिल भारतीय स्पर्धेला जातात. यात कॉलेजच्या हातात काही नाही. हातात आहे ते एवढंच, की उरलेल्या दिवसांत कोणाशी खेळायचं. आणि त्यासाठी लगेच रेल्वेची तिकिटं काढायची गरज नाही. राज्याची महिला हॉकी अकादमी २००६ पासून आपल्याच शहरात, कंपू भागात आहे. देशभरातून मुली तिथे शिकायला येतात. आपल्याच ग्वाल्हेरची इशिका चौधरी तिथून भारताच्या संघात गेली. बाड्यावरून टेम्पोत बसलं की किती वेळ लागतो? आम्हाला नऊ गोल खायला झाशीला गाडी बदलावी लागली होती, या मुलींचं जबलपूर दाराशी येऊन बसलंय. अकादमीच्या धाकट्या मुलींशी महिन्यातून दोन सराव सामने मागा. टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर. गवतावर उसळणारा चेंडू थांबवायची सवय झालेल्या मुलींना टर्फवरचा वेग पहिल्यांदा भेटतो तेव्हा काय होतं, ते स्पर्धेत कळण्यापेक्षा कंपूत कळलेलं बरं. बूटही वेगळे लागतात, गुडघे आणखी वाकवावे लागतात, दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही.

दुसऱ्या पत्रलेखकांनी प्रवासखर्चाचा हिशेब मांडलाय. तो खरा खर्च नाही. खरा खर्च बाकावर बसलेल्या मुलींचा. आमच्या वेळी अकरा जणी पस्तीस-पस्तीस मिनिटं ओढायच्या. आता पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आणि खेळाडू हवे तेव्हा बदलता येतात, त्यामुळे वेग मरतच नाही. बर्फावर तर पाऊण मिनिटात अख्खी फळी बदलते. सेंट थॉमसच्या सामन्यात मी चौथ्या फळीची पोरं बघत होते, ती पहिल्या फळीइतकीच जीव तोडून पळत होती. या कॉलेजकडे सोळा मुली आहेत का? मी सरावाला जाऊन मोजल्या, तेरा होत्या, त्यातल्या दोघी फोटोच्या दिवशी येणाऱ्या. दुसरी गोलकीपर नाही, तिचं साहित्य नाही. पहिलीला लागलं तर कोण उभं राहणार, हे विचारलं तेव्हा प्रशिक्षक आकाशाकडे बघायला लागले. आधी इथे पैसे घाला. आणि बाहेरगावी जायचं तर सोबत बाई प्रशिक्षक हवी, मुक्कामाची जागा आधी कोणीतरी डोळ्यांनी बघून आलेली हवी. पालक नाही म्हणतात ते नऊ गोलांना भिऊन नव्हे, या गोष्टींना भिऊन. माझे वडील यालाच भ्यायले होते.

इथला चषकही सोडू नका, तिथे ब संघ पाठवा. मग ती सात गोल खाणारी कॉलेजंही २-१ ने हरतील, एखादे वेळी जिंकतील, आणि त्यांच्याही मुली उद्या सरावाला येतील. सामन्यानंतर त्यांची कप्तान एकटीच स्टिका गोळा करत होती, बाकीच्या केव्हाच घरी गेल्या होत्या.

माझी मुख्य मागणी मात्र कॉलेजच्या व्यवस्थापनाकडे आहे, आणि ती एका ओळीची आहे. तीन वर्षं कितीही गोल खाल्ले तरी प्रवेशिका जात राहील, असं कागदावर लिहून, सही करून मुलींच्या हातात द्या. तोंडी नको. तोंडी आम्हालाही दिलं होतं. हे लिहून देता येत नसेल तर मुलींना बाहेर नेऊच नका, दुसऱ्या पत्रलेखकांचंच ऐका. एका वर्षाची हौस म्हणून नेऊन, हरल्यावर नाक कापलं म्हणत परत आणण्यापेक्षा इथे पोपट बघितलेले बरे.

कंपूचा पहिला सामना ठरला तर दिवस आणि वेळ याच सदरात छापावी, म्हणजे मला कळेल. पंच मिळाला नाही तर मी उभी राहीन. पळवत नाही आता फारसं, पण शिट्टी घरात आहे आणि वाजते.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
लष्कर, ग्वाल्हेर